पार्श्वभूमी : रोपवनातलं वाळकं गवत आणि वणवा

उत्तराखंडातल्या चीडच्या (पाइन वृक्षाच्या) जंगलात वणवा पसरतो तो पिरूलवर, म्हणजे राळ मुरलेल्या वाळक्या सुयांच्या थरावर. मराठवाड्यात चीड नाही. इथल्या रोपवनांत हे जळण कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं पुरवतात आणि किनवट-माहूर पट्ट्यात सागाचा पाला. गवत पूर्वीही एवढंच वाढायचं, पण ते उभं वाळत नसे. कुरणं लिलावात जायची, दिवाळीच्या आसपास विळे लागायचे, उरलंसुरलं गुरं फस्त करायची.

१९७२च्या दुष्काळानंतर डोंगरउतारांवर चर आणि झाडं आली. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, राज्यातला सामाजिक वनीकरण विभाग १९८२चा. १९९२पासून संयुक्त वन व्यवस्थापनाच्या, म्हणजे गाव आणि वन विभागाने मिळून जंगल सांभाळायच्या, समित्या आल्या आणि २०१६ ते २०१९ या चार वर्षांत २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली गेली. रोपं जगवायची तर चराईबंदी हवीच, ती योग्यच होती. पण चराई थांबवताना कापणीची सोय लावायची राहून गेली. तिकडे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि गवताला गिऱ्हाईक उरलं नाही.

६ मिलिमीटरहून बारीक जळण उन्हात तासाभरातच हवेच्या कोरडेपणाशी जुळतं, म्हणून दुपारी १२ ते ४ ही वेळ सर्वांत वाईट. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वर चढण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. बालाघाटाच्या उतारावर खालच्या शेतात पेटवलेला धुरा, म्हणजे बांधावरचं गवत, डोळ्यांदेखत माथा गाठतो तो यामुळेच. सलग समतल चरांचा, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांचा वेगळाच त्रास आहे. वाऱ्याने पाला चरात साठतो, गिरिपुष्पाच्या छाटलेल्या फांद्याही तिथेच टाकतात आणि रोपं असतात चराच्या भरावावर. मोकळ्या गवतातली आग क्षणात पुढे सरकते, चरातली धुमसत राहते आणि रोपाची साल बुंध्याशीच भाजते.

यावरचा जुना उपाय जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. पट्ट्याच्या दोन्ही कडा आधी मातीपर्यंत खरवडायच्या, मधलं गवत कापून वाळू द्यायचं, मग वारा पडलेला असताना सकाळी लवकर, वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम, म्हणून हे काम १५ फेब्रुवारीआधी उरकायचं असतं. फसतं ते दोन ठिकाणी. कापलेलं गवत न जाळता रेषेवरच राहतं, किंवा जानेवारीत साफ केलेल्या रेषेवर सागाचा पाला पुन्हा पडतो. सागाचं वाळलेलं पान वळतं, थरात हवा खेळती राहते आणि तो भराभर पेटतो. मार्चमध्ये ब्लोअरने (पाला हवेच्या झोताने उडवणाऱ्या यंत्राने) रेषा पुन्हा झाडली नाही, तर आधीची मेहनत वाया जाते.

राखीव वनात आग लावणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६नुसार गुन्हा आहे. २००४पासून उपग्रहावरून आगीच्या सूचनाही मिळतात, पण दोन फेऱ्यांच्या मधे पेटून विझलेली गवताची आग त्यांतून निसटते.

जळण कमी करायचं तर ते कापूनच न्यावं लागेल आणि त्याचा मोका थोडा असतो. कुसळीला कुसळं धरली की गुरं तिला तोंड लावत नाहीत. फुलोऱ्याच्या सुमारास कापली तर चारा मिळतो आणि रोपवन मोकळं होतं. समितीने त्या वेळी गावाला विळा-दोरी घेऊन आत जाऊ द्यावं, रोपांभोवतालचं गवत हाताने काढायला लावावं आणि चरातला पाला जानेवारीअखेर उपसून घ्यावा.