आर्काइव्ह बिट

आर्काइव्ह बिट म्हणजे फाइलच्या नोंदीत ठेवलेली एका बिटाची खूण, फाइलीत बदल झाला की लागणारी आणि या फाइलीचा बॅकअप अजून व्हायचाय एवढंच सांगणारी. विंडोजवर फाइल मॅनेजरच्या ॲट्रिब्यूट (फाइलचे गुणधर्म) रकान्यात ती ए अक्षरानं दिसते. रीड-ओन्ली आणि हिडन ही तिची भावंडं सगळ्यांना माहीत असतेत, हिला मात्र कुणी विचारत नाही.

उगमावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी श्रेय विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम एमएस-डॉस २.० हिला (१९८३) देतेत, कारण बॅकअप आणि रिस्टोर या कमांडी त्याच आवृत्तीत आल्या. पण डिजिटल रिसर्च या कंपनीच्या एमपी/एम २ या ऑपरेटिंग सिस्टिममधे, म्हणजे साधारण १९८१ च्या सुमारास, आर्काइव्ह नावाचं ॲट्रिब्यूट होतंच आणि पुढं त्याच कंपनीच्या सीपी/एम ३ मधेही राहिलं. तिथं ते एक्स्टेन्शनच्या (फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी तीन अक्षरं) तिसऱ्या अक्षराच्या वरच्या बिटात ठेवायचे, अक्षराला सातच बिट लागतेत आणि आठवा मोकळा पडलेला, म्हणून. त्यावरून डॉसनं तिथूनच उचललं असा एक पक्ष आहे. अडचण अशी की अर्थ बरोबर उलटा आहे: सीपी/एममधे खूण लावलेली म्हणजे बॅकअप झाला आणि फाइलीत काही लिहिलं की सिस्टिम ती पुसणार, डॉसमधे लावलेली म्हणजे बॅकअप बाकी. नुसती नक्कल असती तर दिशा कशाला फिरवली असती? कल्पना तिकडची, मांडणी डॉसची, हे जास्त पटतं. फॅट या डॉसच्या फाइल सिस्टिमच्या नोंदीत नावाचे ८ आणि एक्स्टेन्शनचे ३ बाइट झाले की बारावा बाइट ॲट्रिब्यूटचा, त्यात हिची किंमत ३२, आणि विंडोजच्या नंतरच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमनंही तीच ठेवली. युनिक्सात अशी खूण नाही, तिथं तारखेवर भागवतेत. युनिक्सवरच्या फाइली विंडोजला वाटून देणारा सांबा हा प्रोग्राम मात्र ती मालकाच्या एक्झिक्यूट बिटात (फाइल चालवायची परवानगी) कोंबू शकतो, मग साधी हिशोबाची फाइल चालवता येणारा प्रोग्राम असल्यासारखी दिसती.

फुल (सगळ्याचा) आणि इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतर बदललेल्याचा) बॅकअप खूण पुसतेत, डिफरेन्शियल (मागच्या फुलनंतर बदललेल्याचा) पुसत नाही. एक्सकॉपी या कॉपीच्या कमांडीत हाच फरक स्लॅश एम आणि स्लॅश ए असा आहे.

मराठवाड्यात याचा उपयोग कळतो तो डीटीपीच्या दुकानात. लातूर, परभणीकडं लग्नसराईत रोज पन्नास पत्रिका बदलतेत आणि सगळा डी ड्राइव्ह रोज पेनड्राइव्हवर ओतणं परवडत नाही. टोटल कमांडर या फाइल मॅनेजरमधे ऑल्ट-एफ७ दाबून (शोध) ॲडव्हान्स्डमधे आर्काइव्हवर टिक करायची, सापडलेलं लिस्टबॉक्सात घ्यायचं, एफ५ नं कॉपी, कॉपी उघडून बघायची, आणि मगच चेंज ॲट्रिब्यूट्समधून ए काढायचा. क्रम उलटा केला आन् मधेच लाईट गेली तर त्या फाइली पुढच्या खेपेला यादीतच येणार नाहीत. अशी कॉपी फोल्डर मोडून सपाट होऊ शकती, त्यामुळे दोन गिऱ्हाइकांच्या पत्रिका.सीडीआर याच नावाच्या दोन फाइली असल्या की एक दुसरीवर बसती. पत्रिका बनवायच्या कोरलड्रॉ प्रोग्रामच्या बॅकअप_ऑफ नावाच्या फाइलीही यादीत घुसतेत, त्या गाळाव्यात.

खूण एकच असल्यानं दोन बॅकअप प्रोग्राम एकाच फोल्डरवर चालवू नयेत, एकानं पुसली की दुसऱ्याला वाटतंय काहीच बदललं नाही.