कुत्र्याची साखर, माणसाची मोजमापं

आठ-दहा वर्षांचा लॅब्रेडॉर सकाळच्या फेरीत मागच्या पायांतून लुळा पडतो, नाहीतर उपाशीपोटी त्याला फिट येते. खाणं पोटात गेलं की थोड्या वेळात साहेब पुन्हा शेपटी हलवत उभे. घरचे म्हणतात, वय झालं किंवा मिरगी असेल. अशा काही कुत्र्यांत दुखणं मेंदूत नसतं, स्वादुपिंडात असतं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ही गाठ, इन्सुलिनोमा, रक्तातली साखर कितीही उतरली तरी इन्सुलिन सोडतच राहते.

या निदानाचा इतिहास उसनवारीचा आहे, आणि आधी उसनं घेतलं ते माणसाने. 1889 साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं तेही कुत्र्यांच्याच जिवावर. इन्सुलिन जास्त झालं तर काय, हा प्रश्न 1924 मध्ये सील हॅरिस या अमेरिकन डॉक्टरने मांडला. त्याचं उत्तर 1927 साली मेयो क्लिनिकच्या अहवालात मिळालं: रुग्ण स्वतःच सर्जन होता, आणि त्याच्या गाठीचा अर्क सशांना टोचल्यावर त्यांची साखर कोसळली. कुत्र्यातल्या अशा गाठीचं वर्णन स्लाय आणि वेल्स यांनी 1935 साली छापलं.

त्याच दशकात न्यूयॉर्कच्या व्हिपल या सर्जनने माणसांसाठी तीन कसोट्या घालून दिल्या: उपाशीपोटी त्रास, त्याच वेळी साखर कमी, ग्लुकोज दिल्यावर आराम. पशुवैद्य अजून याच वापरतात. पण साखर का उतरली, हे त्यातून कळत नाही. यकृत बिघडलं, रक्तात जंतुसंसर्ग झाला, शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल पोटात गेलं, तरी साखर उतरतेच.

1960 मध्ये यॅलो आणि बर्सन यांनी इन्सुलिन मोजायची पद्धत दिली, आणि पुढे माणसांकडूनच एक सूत्रही आलं: इन्सुलिन गुणिले 100, भागिले (साखर उणे 30). दिसायला झकास, पण दुसऱ्याच आजाराने साखर उतरलेल्या कुत्र्यांतही ते ‘गाठ’ दाखवायचं. आता ते जवळपास मोडीत निघालंय. साखर 60 च्या खाली असताना त्याच रक्तातलं इन्सुलिन दबलेलं नसेल, तर संशय पक्का, एवढा साधा नियम उरला.

नियम साधा, पण मुंबईत तो पाळणं सोपं नाही. माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्याची साखर बहुधा खरीपेक्षा कमी दाखवतो, कारण कुत्र्याच्या रक्तातली बहुतेक साखर प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, असते आणि यंत्राचं गणित माणसाच्या रक्तावर बसवलेलं असतं. बोरिवलीत काढलेलं रक्त साध्या नळीत घालून, ऑक्टोबर हीटमध्ये हायवेच्या ट्रॅफिकमधून लॅबला पोचेपर्यंत तांबड्या पेशी त्यातली साखर खात बसतात. तासाला पाच-सात टक्के तर सहज. मग निरोगी कुत्राही आजारी ठरतो. म्हणून फ्लोराइडची, करड्या बुचाची नळी हवी. इन्सुलिनची तपासणी माणसांच्या लॅबमध्ये करायची असेल तर आणखी एक मेख आहे: कुत्र्याचं इन्सुलिन डुकराच्या इन्सुलिनसारखं हुबेहूब, पण माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं. माणसांसाठीची काही किट्स ते पकडतच नाहीत. किट कुत्र्यावर पारखलंय का, हे आधीच विचारलेलं बरं.

सोनोग्राफीत गाठ दिसली नाही म्हणून सुटलो असं नाही. छोट्या गाठी हमखास निसटतात, सीटी स्कॅन त्यापेक्षा बरा. माणसांत या गाठी दहापैकी नऊ वेळा साध्या निघतात, कुत्र्यांत मात्र जवळजवळ सगळ्याच कर्करोगाच्या. तो दिलासा तरी उसना घेऊ नये.

परळच्या ‘बैलघोडा’ या प्राण्यांच्या हॉस्पिटलात जा की घराजवळच्या क्लिनिकमध्ये, अशा कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवून नेऊ नका, वाटेतच फिट यायची. उपास डॉक्टरांच्या नजरेसमोर करवतात, तासा-दोन तासांनी साखर बघतात, 60 च्या खाली गेली की तेच रक्त इन्सुलिनसाठी पाठवतात आणि लगेच खायला घालतात.