सिक्स नेशन्स आणि ‘युरोपचे विजेतेपद’: जॉर्जिया नेमका कुठे जिंकतो?

रग्बीविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, त्यात मार्च महिन्याच्या सुमारास एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते: युरोपचे विजेतेपद पटकावूनही जॉर्जियाला सिक्स नेशन्ससाठी पात्र ठरता आले नाही. या वाक्यातला ‘पात्र’ हा एक शब्द सगळा घोटाळा करतो. सिक्स नेशन्ससाठी कोणीही पात्र ठरत नसते, कारण पात्र ठरण्याची सोयच त्या स्पर्धेत नाही. गेली कित्येक वर्षे हे मी तोंडी समजावून सांगत आलो आहे. एकदा सविस्तर लिहून ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

सिक्स नेशन्स बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर फार शाई खर्च करत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे १८८३ पासून आपसात खेळत आले, १९१० मध्ये फ्रान्स आला, २००० मध्ये इटली आली. प्रत्येक संघ इतर पाचांशी एकेकदा खेळतो आणि पंधरा सामन्यांत निकाल लागतो. दुसरी स्पर्धा म्हणजे रग्बी युरोप चॅम्पियनशिप. तिच्यात जॉर्जिया, रोमानिया, स्पेन, पोर्तुगाल, बेल्जियम असे संघ खेळतात. २०२३ पासून संघ आठ, गट दोन आणि शेवटी उपांत्य व अंतिम सामने अशी तिची रचना आहे. दोन्ही स्पर्धा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्येच होतात. दोन्हींच्या पोटात दोन देशांमधले जुने करंडकही आहेत. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा कलकत्ता कप हा कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद झाल्यावर त्याच्या खात्यातले चांदीचे रुपये वितळवून घडवला आणि १८७९ मध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला. जॉर्जिया-रोमानिया सामन्याचा अँटिम कप २००२ पासून खेळला जातो; जॉर्जियात जन्मून रोमानियन भूमीवर धर्मगुरू झालेल्या अँटिम यांचे नाव त्याला दिले आहे. हे सगळे फरक वरवरचे आहेत आणि ते कोणाला अडतही नाहीत.

अडते ते पुढे. आपल्या मनात रणजी करंडकाचे चित्र पक्के बसलेले असते: प्लेट गटात वर आलेला संघ पुढच्या हंगामात एलिट गटात जातो आणि एलिट गटाच्या तळाला गेलेला संघ खाली येतो. मंडळ एक, शिडी एक. तेच चित्र आपण नकळत युरोपीय रग्बीवर बसवतो आणि सिक्स नेशन्स हा वरचा मजला व रग्बी युरोप चॅम्पियनशिप हा खालचा मजला असे धरून चालतो. माझा भाचा याच हिशेबाने मला विचारत असे, “मामा, जॉर्जिया दरवर्षी पहिला येतो, मग त्याला वर का घेत नाहीत?” खरी गोष्ट अशी की ते एका घराचे दोन मजले नाहीत. ती दोन वेगळ्या मालकांची दोन घरे आहेत आणि त्यांच्यामध्ये जिना कधी बांधलेलाच नाही. सिक्स नेशन्स ही तिच्यात खेळणाऱ्या सहा देशांच्या रग्बी संघटनांनी आपल्यासाठी चालवलेली स्पर्धा आहे; तिच्यात कोण खेळणार हे त्या सहा जणीच ठरवतात. चॅम्पियनशिप चालवते ती रग्बी युरोप ही खंडाची संघटना, आणि गमक हे की त्या संघटनेचे जिने तिच्या स्वतःच्या घरात उत्तम चालतात. चॅम्पियनशिपच्या खाली ट्रॉफी आहे, तिच्याखाली कॉन्फरन्स आहे. पोलंड चॅम्पियनशिपमधून खाली गेला आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी स्वित्झर्लंड वर आला, तेव्हा कोणाला कोणाची परवानगी विचारावी लागली नाही. जिना संपतो तो जॉर्जियाच्या पायाशी.

‘मग इटली कशी चढली?’ असा प्रश्न यावर लगेच येतो, आणि इथेच जाणकारही चुकतात. २२ मार्च १९९७ रोजी ग्रेनोब्लमध्ये इटलीने फ्रान्सला ४०-३२ असे हरवून फिरा या संघटनेची तेव्हाची युरोपीय स्पर्धा जिंकली. त्याच्या आठवडाभर आधीच फ्रान्सने फाइव्ह नेशन्समधले (इटली येण्याआधीचे सिक्स नेशन्सचे नाव) आपले सर्व सामने जिंकून ग्रँड स्लॅम पुरा केला होता, त्यामुळे त्या विजयाचा गवगवा झाला तो योग्यच होता. पुढे १९९८ च्या सुरुवातीला इटलीला निमंत्रण मिळाले आणि ५ फेब्रुवारी २००० रोजी रोममध्ये तिने स्कॉटलंडला ३४-२० असे नमवून पदार्पण केले. त्यातले २९ गुण एकट्या दिएगो दोमिंग्वेस यांचे होते. या घटना ओळीने वाचल्या की विजेतेपद मिळाले म्हणून बढती मिळाली असेच वाटते. पण इटलीला बोलावले गेले ते पाच संघटनांनी बसून तसे ठरवले म्हणून. आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यावर तिने त्या काळात मिळवलेले विजय त्या निर्णयामागे होते, आणि रोमसारखे शहर, मोठी बाजारपेठ व दूरचित्रवाणीचा पैसा हेही होते, असे माझे मत आहे.

माझ्या म्हणण्याचा पुरावा रोमानिया आहे. तीच फिरा स्पर्धा रोमानियाने १९६९, १९७५, १९७७, १९८१ आणि १९८३ अशी पाच वेळा जिंकली, आणि तीही फ्रान्स त्या स्पर्धेत असताना. १९८० मध्ये बुखारेस्टला त्याने फ्रान्सला १५-० असे हरवले. १९८३ मध्ये वेल्सला २४-६, १९८४ मध्ये स्कॉटलंडला २८-२२, आणि १९८८ मध्ये तर थेट कार्डिफमध्ये जाऊन वेल्सला १५-९. विजेतेपदाने दार उघडत असते तर फाइव्ह नेशन्सचा सहावा देश इटलीच्या कितीतरी आधी रोमानिया झाला असता. त्याला निमंत्रण कधीच आले नाही. डिसेंबर १९८९ च्या क्रांतीत त्या पिढीचा नावाजलेला खेळाडू फ्लोरिका मुरारियू गोळीबारात मारला गेला, सेना आणि पोलिसांच्या क्लबांना असलेला सरकारी आधार सुटला आणि तो संघ ओसरत गेला. जॉर्जियाची कहाणी नवी आहे असे समजणाऱ्यांनी रोमानियाची आधी वाचावी.

ही दोन घरे वेगळी का झाली हेही सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय हा भेद मनात ठसत नाही. खेळाडूंना छुपे पैसे दिल्याच्या आणि दांडगाईच्या तक्रारींवरून १९३१ नंतर ब्रिटिश बेटांवरच्या संघटनांनी फ्रान्सशी सामने तोडले. फ्रान्सने मग जर्मनी, इटली, रोमानिया अशा देशांना सोबत घेऊन १९३४ मध्ये पॅरिसला फिरा ही संघटना उभी केली. १९४७ पासून फ्रान्स पुन्हा फाइव्ह नेशन्स खेळू लागला, तरी फिरा टिकली, आणि पुढची पन्नास वर्षे फ्रान्सचे पाय दोन्ही घरांत राहिले. त्याच फिराचे १९९९ मध्ये नाव बदलले आणि २०१४ मध्ये ती रग्बी युरोप झाली. म्हणजे आज जॉर्जिया जी स्पर्धा जिंकतो, तिचे मूळ कुंपणाबाहेर काढलेल्या देशाने मांडलेल्या वेगळ्या चुलीत आहे. सिक्स नेशन्सची ती शाखा कधीच नव्हती.

आता जॉर्जियाचा हिशेब. सोव्हिएत संघ अजून शिल्लक असताना, १२ सप्टेंबर १९८९ रोजी, कुताइसीत झिम्बाब्वेला १६-३ असे हरवून या संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. युरोपच्या पहिल्या फळीतल्या स्पर्धेचे आजचे रूप २००० पासूनचे. ते पहिले वर्ष रोमानियाने जिंकले आणि २००१ मध्ये जॉर्जियाने. मध्ये २००४ मध्ये पोर्तुगालने बाजी मारली. २००८ ते २०२५ या काळात मात्र करंडकावरची जॉर्जियाची पकड सुटली ती एकदाच: १९ मार्च २०१७ रोजी बुखारेस्टला रोमानियाने ८-७ असा एका गुणाने विजय मिळवला आणि करंडक नेला. त्यानंतर २०१८ ते २०२५ अशी सलग आठ विजेतेपदे जॉर्जियाची आहेत. २०२५ चा अंतिम सामना त्बिलिसीत झाला आणि त्यात स्पेनला ४६-२८ असे हरवले. एकूण किती विजेतेपदे, यावर लोक भांडतात, त्याचे कारण साधे आहे. २०१६ पर्यंत बराच काळ विजेता दोन वर्षांच्या सामन्यांवर ठरत असे, त्यामुळे कोणी वर्षे मोजतो आणि कोणी करंडक.

या जोराचे मूळ शोधायचे तर गुरिया प्रांतातल्या शुखुती गावात जावे. तिथे ईस्टरच्या दिवशी वरचे शुखुती आणि खालचे शुखुती यांच्यात लेलो बुर्ती खेळतात. साधारण सोळा किलोंचा, चामड्यात घट्ट भरलेला चेंडू घेऊन शेकडो माणसांचा एक गोळा रस्त्यावरून, कुंपणांवरून इंच इंच सरकतो आणि आपापल्या बाजूच्या ओढ्यापलीकडे तो नेला की जिंकले. मग तो चेंडू त्या वर्षी वारलेल्या गावकऱ्याच्या थडग्यावर ठेवतात. रग्बीतल्या ट्रायला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवण्याला, जॉर्जियन भाषेत ‘लेलो’च म्हणतात आणि राष्ट्रीय संघालाही लोक त्याच नावाने ओळखतात. आठ विरुद्ध आठ खेळाडू एकमेकांना रेटतात त्या स्क्रममध्ये या संघापुढे भलेभले का वाकतात, याचे उत्तर त्या रस्त्यावर दिसते.

आता ‘जॉर्जिया २०२० मध्ये सिक्स नेशन्स खेळला होता’ हे दुसरे ऐकीव विधान. तो खेळला ते ऑटम नेशन्स कपमध्ये. महासाथीच्या वर्षी सहा संघटनांनी ही एकवेळची स्पर्धा भरवली, जपानने माघार घेतल्यामुळे जॉर्जियाला बोलावले, आणि इंग्लंडकडून ४०-०, वेल्सकडून १८-०, आयर्लंडकडून २३-१० अशा पराभवांनंतर फिजीशीही तो हरला. यजमान तेच होते, स्पर्धा वेगळी होती. ज्यांना जॉर्जिया नको आहे ते या आकड्यांकडे बोट दाखवतात, आणि २०२३ च्या विश्वचषकात त्याला एकही सामना जिंकता आला नाही हेही सांगतात. दोन्ही खरे आहे. पण हेही खरे आहे की १० जुलै २०२२ रोजी बाटुमीत त्याने इटलीला २८-१९ असे हरवले, आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला कार्डिफमध्ये मध्यंतराला ३-१२ असा मागे असताना, अखेरच्या काही मिनिटांत स्क्रमच्या जोरावर पेनल्टी मिळवून लुका मत्कावाच्या लाथेने वेल्सला १३-१२ असे नमवले. ज्या इटलीला २०१५ ते २०२२ या काळात सिक्स नेशन्समध्ये सलग ३६ पराभव पत्करूनही आपली जागा गमवावी लागली नाही, तिच्याशी तुलना होणार हे उघड आहे. २०१८ मध्ये फ्लॉरेन्सला तिने जॉर्जियाला २८-१७ असे हरवले होते हेही प्रामाणिकपणे नोंदवतो, आणि २०२४ नंतरची इटली फार सुधारली आहे हेही. माझा आक्षेप इटलीच्या असण्याला नाही. मला हवा आहे तो एक सामना: सिक्स नेशन्सचा तळाचा संघ आणि चॅम्पियनशिपचा विजेता, दर दोन वर्षांनी, विजेत्याच्या घरच्या मैदानावर.

दार बंद का, याची कारणे हिशेबाची आहेत. सातवा संघ घेतला तर सामने पंधराचे एकवीस होतात, पाच फेऱ्यांच्या सात होतात आणि प्रत्येक फेरीत एकाला बसून राहावे लागते. क्लबांच्या गच्च वेळापत्रकात त्या दोन फेऱ्यांना जागा नाही. संघ वरखाली करायचे ठरवले, तर एका वाईट हंगामाने स्कॉटलंड किंवा वेल्सच्या संघटनेचे वर्षाचे उत्पन्न कोसळेल, आणि आपलेच उत्पन्न धोक्यात घालणारा ठराव ती का मांडील? २०२१ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने स्पर्धेच्या व्यावसायिक हक्कांतला एक सप्तमांश वाटा घेतला, म्हणजे सातवी खुर्ची मांडली गेली ती भांडवलासाठी.

शब्दांविषयी माझा आग्रह आहे. ‘सिक्स नेशन्स बी’ हे टोपणनाव वापरू नये, कारण ते नसलेला जिना असल्याचे भासवते. नुसते ‘युरोप विजेता’ म्हणणेही चूक, कारण ती सहा नावे त्या स्पर्धेत नसतात. ‘रग्बी युरोप चॅम्पियनशिपचा विजेता’ असे पूर्ण लिहावे. चार शब्दांनी कोणाचे पान भरत नाही. ब्लॅक लायन या जॉर्जियन संघाने क्लबांच्या चॅलेंज कपमध्ये खेळलेले सामनेही राष्ट्रीय संघाच्या नावावर मांडू नयेत. चॅम्पियनशिपला तिचे स्वतःचे वजन आहे: २०२५ च्या स्पर्धेतून जॉर्जिया, स्पेन, रोमानिया आणि पोर्तुगाल २०२७ च्या विश्वचषकाला पात्र ठरले. तिथे ‘पात्र’ हा शब्द बिनधास्त वापरावा.

नेशन्स चॅम्पियनशिप ही बारा संघांची स्पर्धा जुलै २०२६ पासूनच्या वेळापत्रकात मांडली गेली. तिच्यात सिक्स नेशन्सचे सहाही संघ आहेत आणि जॉर्जिया नाही. तिच्यात २०३० पासून संघ वरखाली करण्याचे ठरले आहे आणि त्या बातमीवरून ‘अखेर जॉर्जियासाठी सिक्स नेशन्सचे दार उघडणार’ असे मथळे मी आताच वाचू लागलो आहे. २०३० मध्ये जॉर्जिया त्या बारांत आला, तरी फेब्रुवारीत तो खेळेल ते रोमानियाशी, स्पेनशी आणि पोर्तुगालशीच.