पृष्ठरज्जूचा कणा होत नाही

"समपृष्ठरज्जू प्राणी म्हणजे पाठीचा कणा असलेले प्राणी." दहावीच्या गाइडपासून स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपर्यंत हे वाक्य हमखास भेटतं आणि ते चूक आहे. त्याहून चिवट चूक मात्र दुरुस्तीच्या नावाखाली पसरते: "पृष्ठवंशीयांमध्ये पृष्ठरज्जूचं रूपांतर पाठीच्या कण्यात होतं." चांगले शिकवणारेही हे सहज बोलून जातात, आणि पुढचं सगळं वर्गीकरण मुलांना पाठांतर करून गिळावं लागतं.

पृष्ठवंशीय कोण ते सगळ्यांना माहीत आहे: मासे, बेडूक, साप, पक्षी, आपण. समपृष्ठरज्जू हा त्यांच्याहून मोठा संघ: आयुष्यात कधीतरी पाठीत पृष्ठरज्जू नावाची आधाराची दांडी असणाऱ्या सगळ्यांचा. सगळे पृष्ठवंशीय त्यात येतातच, शिवाय ज्यांच्यात एकाच्याही अंगात मणका नाही असे दोन उपसंघ येतात. हर्डमानिया या खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री जीवासारखे पुच्छसमपृष्ठरज्जू, सुमारे 3,000 जातींचे. आणि अ‍ॅम्फिऑक्ससचे शीर्षसमपृष्ठरज्जू, जेमतेम 30च्या आसपास जातींचे. एक गट दुसऱ्याच्या पोटात असताना दोन रकाने आखून 'फरक स्पष्ट करा' विचारणं मला मुळीच पटत नाही. पोकळ चेतारज्जू, घशाजवळची कल्लविदरं (कल्ल्यांच्या फटी), गुदद्वाराच्या मागे जाणारी शेपटी ही संघाची बाकीची लक्षणं; त्यात फारसं कुणी अडखळत नाही.

अडतं ते पृष्ठरज्जूपाशी. तो ना हाड आहे, ना मज्जातंतू. पाण्याने टम्म फुगलेल्या पेशी, त्यांच्याभोवती चिवट तंतूंचं वेष्टन, अशी ती लवचीक पण न दबणारी दांडी असते. जागा ठरलेली: वर चेतारज्जू, खाली अन्ननलिका, मधे हा. चेतारज्जू संदेश वाहतो. पृष्ठरज्जू काहीही वाहत नाही, तो शरीराला ताठ ठेवतो. स्नायू आखडले की शरीर आखूड न होता बाजूला वळतं, आणि म्हणूनच पोहता येतं.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, ताटातली सुरमईची तुकडी पुरते. मधला गोल कठीण भाग म्हणजे मणका. त्याच्या वरच्या बारीक भोकातून जाणारा पांढरट दोरा म्हणजे मेरुरज्जू, म्हणजेच पृष्ठवंशीयांचा चेतारज्जू. आता शेपटीकडचे दोन सलग मणके एकमेकांपासून सोडवून बघा. माशाचा मणका दोन्ही तोंडांना वाटीसारखा खोलगट असतो, आणि दोन वाट्यांच्या मधे पारदर्शक, बुळबुळीत गोळा सापडतो. काटे चोखून खाणाऱ्यांना तो चांगलाच ओळखीचा असतो. पृष्ठरज्जूचं जे उरलं ते तिथे आहे. तीन वेगळ्या वस्तू, तीन वेगळ्या जागी.

मग कणा येतो कुठून? गर्भात पृष्ठरज्जूच्या दोन्ही अंगांना सोमाइट नावाचे पेशींचे जोडीजोडीने ठोकळे तयार होतात. त्यांच्यातल्या काही पेशी सुटून मधे सरकतात, पृष्ठरज्जूला आणि मेरुरज्जूला वेढतात, कूर्चा घडवतात आणि बहुतेक प्राण्यांत पुढे तिचं हाड होतं. म्हणजे कण्याचा माल बाजूच्या ठोकळ्यांचा. पृष्ठरज्जू नुसता मधे सापडतो. इमारत उभी राहते तेव्हा परांचीचं सिमेंट होत नाही, तसंच हे. म्हणून "रूपांतर होतं" म्हणू नका, "त्याची जागा कणा घेतो" म्हणा. एवढा एक शब्दप्रयोग सुधारला तरी माझं समाधान होईल.

पण पृष्ठरज्जू निव्वळ आधारापुरता असतो असंही नाही. माणसाच्या गर्भात तो तिसऱ्या आठवड्यात तयार होतो आणि लगेच हुकूम सोडू लागतो. त्याच्यातून पाझरणारं सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन वरच्या चेतानलिकेला (पुढे जिचा मेंदू आणि मेरुरज्जू होतो) तिची खालची बाजू कोणती ते कळवतं आणि शेजारच्या सोमाइटमधल्या पेशींना मणक्यांच्या कामाला लावतं. जो कणा त्याची जागा घेणार, त्याची आखणीही तोच करतो! नंतर मणक्यांच्या आत तो दबून नाहीसा होतो आणि दोन मणक्यांमधल्या चकतीचा मऊ गाभा म्हणून मागे राहतो. त्याच्या मूळ पेशीही बालपण सरता सरता बहुतेक संपतात. क्वचित काही शिल्लक राहतात आणि माकडहाडाजवळ किंवा कवटीच्या तळाशी कॉर्डोमा नावाची गाठ त्यांच्यापासून होते. कण्यात गडप झालेल्या पृष्ठरज्जूचा याहून सज्जड पुरावा मला माहीत नाही.

इतकं पक्कं झालं की वर्गीकरण पाठ करावं लागत नाही. अ‍ॅम्फिऑक्सस हा वाळूत अर्धा पुरून राहणारा, बोटाएवढा पारदर्शक जीव. 1774 मध्ये पल्लास या निसर्गअभ्यासकाने त्याला चक्क गोगलगायीच्या गोतावळ्यात टाकलं होतं. त्याचा पृष्ठरज्जू आयुष्यभर टिकतो आणि थेट डोक्याकडच्या टोकापर्यंत जातो. सोमाइट आहेत, पण मणके घडवणाऱ्या पेशींचं काम तिथे होत नाही. हर्डमानियाच्या कुळात पृष्ठरज्जू फक्त अळीच्या शेपटीत असतो. अळी खडकाला चिकटली की शेपटीसकट जिरून जातो. प्रौढ प्राणी नुसती पिशवी दिसते, म्हणून 1866 मध्ये कोवालेव्हस्की या प्राणिशास्त्रज्ञाने या अळ्या तपासेपर्यंत त्याचं खरं नातं कुणाला उमगलं नव्हतं. त्यातही गंमत अशी की 2006 मधल्या जनुकीय तुलनेनुसार आपला जवळचा नातलग माशासारखा दिसणारा अ‍ॅम्फिऑक्सस नव्हे, तर ही पिशवी. पूर्वी इथेच गणल्या जाणाऱ्या बॅलॅनोग्लॉसस या कृमीसारख्या समुद्री जीवाला मात्र कृपा करून या संघात पुन्हा ओढू नका. त्याच्या सोंडेतली ती नळी पृष्ठरज्जू नाही आणि त्याची सोयरीक तारामाशांशी आहे.

आणि पृष्ठवंशीयांतही पृष्ठरज्जू "फक्त गर्भात" असतो हे सरसकट लिहू नये. लॅम्प्रे, स्टर्जन, सीलाकँथ या माशांत तो प्रौढपणीही दणकट असतो. लॅम्प्रेत तर त्याच्यावर कूर्चेचे बारीक तुकडे बसवलेले, एवढाच काय तो कणा. हॅगफिश या जबडा नसलेल्या, वामसारख्या लांबट समुद्री जीवाला कवटी आहे, पण सलग कणा नाही, म्हणून कित्येक वर्षं त्याला पृष्ठवंशीयांच्या उंबरठ्याबाहेर ठेवायचा आग्रह होता. 2011 मध्ये त्याच्या शेपटीकडे मणक्यांसारखे कूर्चेचे कण सापडले, आणि तेही सोमाइटमधूनच आलेले निघाले. मी त्याला निःशंकपणे आतच धरतो.