यकृतातला वण पुसता येतो का?

उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला तरी उंदीर मरत नाही. आठवड्या-दीड आठवड्यात उरलेला तुकडा वाढत वाढत मूळ वजनाच्या जवळ पोचतो. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली केलेला हा प्रयोग प्रयोगशाळांत आजही जवळपास तसाच केला जातो. माणसाचं यकृतही याच जातीचं आहे. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ आपल्या पेशींतही उतरला, आणि त्यावरून पेशींचं वय काढता येतं. २०२२ साली या पद्धतीने केलेल्या अभ्यासात दिसलं की माणूस विशीतला असो की ऐंशीच्या पुढचा, त्याच्या यकृताच्या पेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच असतं.

इतकी डागडुजी स्वतःची स्वतः करणारा अवयव सिरोसिस या गंभीर आजारात हात का टेकतो?

याचं उत्तर पेशींच्या मधल्या जागेत सापडतं. तिथे तारकापेशी नावाच्या पेशी राहतात. कुपफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये त्या पहिल्यांदा पाहिल्या. शांत असताना त्यांचं मुख्य काम ‘अ’ जीवनसत्त्व साठवून ठेवायचं. यकृताला इजा झाली, मग ती विषाणूमुळे असो, दारूमुळे असो की चरबीमुळे, की त्या हा साठा टाकून देतात आणि कोलॅजेनचे धागे विणायला लागतात. इजा एकदाच झाली तर हे विणकाम उपयोगाचं असतं. ती वर्षानुवर्षं चालू राहिली तर धाग्यांचे पट्टे तयार होतात, रक्ताची वाट आवळली जाते आणि नव्या पेशींना नीट मांडणी करायला जागा उरत नाही. हा फायब्रोसिस, म्हणजे यकृतातला वण. त्याच्या पायऱ्या शून्य ते चार अशा मोजतात आणि चौथी पायरी म्हणजे सिरोसिस.

चौथ्या पायरीवरून परत येता येत नाही, असं वैद्यकात फार काळ मानलं जात होतं. या समजुतीला सगळ्यात जोराचा धक्का दिला तो हिपॅटायटिस बीच्या रुग्णांनी. टेनोफोविर हे औषध विषाणूची वाढ रोखतं, वणाला थेट हातही लावत नाही. पाच वर्षं ते घेतलेल्या ३४८ रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या बायॉप्सी (सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या ९६ जणांना सुरुवातीला सिरोसिस होता. पाच वर्षांनंतर ७१ जणांच्या यकृतात तो उरला नव्हता. इजा थांबवली, तर साफसफाई शरीरानेच केली होती.

ही सफाई करतं कोण, हा भाग मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत सुरस वाटतो. २००५ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी उंदरांच्या यकृतातल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, दोन वेगवेगळ्या वेळी नाहीशा करून पाहिल्या. इजा चालू असताना त्या काढल्या, तर वण कमी पडला. इजा थांबल्यानंतर काढल्या, तर पडलेला वण तसाच राहिला. म्हणजे आग लावणाऱ्या आणि विझवणाऱ्या पेशी एकाच घराण्यातल्या, फरक फक्त वेळेचा. ‘दाह वाईट, तो दाबा’ असा सरळसोट विचार यकृतात का फसतो, ते या एका प्रयोगातून कळतं. उंदरांवरच्याच पुढच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली. इजा संपल्यावर वण विणणाऱ्या तारकापेशींपैकी साधारण निम्म्या मरतात आणि उरलेल्या पुन्हा शांत होतात. मात्र त्या पूर्वीसारख्या होत नाहीत. दुसऱ्यांदा इजा झाली की त्या जास्त चटकन विणायला बसतात.

आज जगात यकृताला इजा करणारं सर्वांत पसरलेलं कारण म्हणजे चरबी. सुमारे तीस टक्के प्रौढांच्या यकृतात ती गरजेपेक्षा जास्त असते. त्यातल्या बहुतेकांना पुढे काही होत नाही. थोड्यांच्या यकृतात चरबीसोबत सूज येते (या अवस्थेला २०२३ पासून डॉक्टर नॅशऐवजी मॅश म्हणतात) आणि मग वणाची सुरुवात होते. हे थोडे नेमके कोण, याचा एक धागा जनुकांत आहे. २००८ मध्ये पीएनपीएलए-३ या जनुकातला एक बदल सापडला. तो असलेल्यांच्या यकृतात चरबी जास्त साठते. २०१८ मध्ये उलट प्रकारचा बदल सापडला. एचएसडी-१७-बी-१३ या जनुकाचं काम बिघडलेलं असेल, तर यकृताचा दीर्घ आजार होण्याचा धोका कमी असतो. बिघाडाने संरक्षण मिळतं म्हटल्यावर, हे जनुक मुद्दाम गप्प करणारी औषधं तपासायला सुरुवात झाली.

दुसरा धागा आतड्यात आहे. यकृतात येणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येतं, त्यामुळे तिथले जिवाणू काय बनवतात ते यकृताला सोसावं लागतं. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी एका विचित्र रुग्णापासून सुरुवात केली. दारू न पिताही त्याच्या रक्तात भरपूर अल्कोहोल सापडत होतं. ते तयार करत होते त्याच्या आतड्यातले क्लेबसिएला जातीचे जिवाणू. मग त्यांनी फॅटी लिव्हर असलेल्या इतर रुग्णांचा गट तपासला, तर सुमारे साठ टक्के लोकांत असे अल्कोहोल बनवणारे जिवाणू निघाले. ते उंदरांना दिल्यावर उंदरांचं यकृतही चरबीने भरलं. एका देशातल्या एका गटावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येणार नाही, पण ‘दारूमुळे’ आणि ‘दारूशिवाय’ ही आजारांची फोड वाटते तितकी स्वच्छ नाही एवढं नक्की.

आता औषधं. इथे आधी बरीच वर्षं अपयशच वाट्याला आलं. सेलॉनसर्टिब हे औषध २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत आपटलं. ओबेटिकोलिक ॲसिडने वण थोडा कमी होत होता, पण खाज सुटायची, वाईट कोलेस्टेरॉल वाढायचं. अमेरिकेची औषधांना परवानगी देणारी संस्था एफडीए हिने २०२३ मध्ये मॅशसाठी त्याला परवानगी नाकारली. या आजारावर एफडीएने मान्य केलेलं पहिलं औषध आलं ते मार्च २०२४ मध्ये, रेस्मेटिरोम. थायरॉइडचं संप्रेरक यकृतातली चरबी जाळायला लावतं, हे जुनंच ज्ञान. अडचण ही की तेच संप्रेरक हृदयाचे ठोके वाढवतं आणि हाडं झिजवतं. यकृतात त्याला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) मुख्यतः बीटा प्रकारचे असतात, हृदयात अल्फा प्रकारचे. रेस्मेटिरोमचा ओढा बीटाकडे आहे. कल्पना कागदावर सोपी, प्रत्यक्षात उतरायला दशकं लागली.

त्याच्या चाचणीत ९६६ रुग्ण होते. जास्त मात्रेच्या गटात वर्षभरानंतर २५.९ टक्के लोकांचा वण किमान एक पायरी कमी झाला. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांतही १४.२ टक्के लोकांचा झाला. म्हणजे औषधामुळे जास्तीचा फायदा शंभरात सुमारे बारा जणांना. बातम्यांच्या मथळ्यांतून दुसरा आकडा गळतो आणि मग औषध चमत्कारासारखं दिसायला लागतं. खोट्या गोळीने वण कसा कमी होतो? एक कारण असं की चाचणीत नाव घातलेली माणसं जेवणखाण सांभाळतात. दुसरं बायॉप्सीचंच. सुईतून निघणारा तुकडा यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा हिस्सा असतो. सुई दोन बोटं बाजूला गेली तर निदानाची पायरी बदलू शकते.

ऑगस्ट २०२५ मध्ये दुसरं औषध मान्य झालं, मधुमेह आणि वजनासाठी गाजलेलं सेमाग्लुटाइड. ७२ आठवड्यांनंतर औषधाच्या गटात ६२.९ टक्के लोकांची सूज गेली, खोट्या इंजेक्शनच्या गटात ३४.३ टक्के. वणात सुधारणा ३६.८ विरुद्ध २२.४ टक्के. गंमत अशी की यकृताच्या पेशींवर या औषधाला पकडणारे ग्राहक जवळजवळ नसतातच. ते भूक आणि वजन कमी करतं, आणि यकृताला त्याचा लाभ मिळतो. दोन्ही चाचण्यांचा काळ आणि रुग्ण वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून कोण सरस ठरवणं चुकीचं होईल. नुसत्या आहार-व्यायामाने काय होतं, तेही मोजलेलं आहे. २०१५ च्या क्युबातल्या अभ्यासात ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांतल्या ९० टक्के लोकांची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांचा वण मागे हटला. फक्त, वर्षभरात एवढं वजन उतरवणारे थोडेच निघाले, आणि औषधांची गरज तिथेच सुरू होते.

निदानातला बदल औषधांइतका गाजला नाही, पण रुग्णांच्या दृष्टीने मी तो जास्त मोठा मानतो. इलास्टोग्राफीत बरगड्यांमधून एक हलका धक्का दिला जातो आणि त्याची लाट यकृतातून किती वेगाने जाते ते मोजलं जातं. यकृत जितकं कडक, तितकी लाट वेगवान. त्याच्याही आधी, वय, रक्तात मोजली जाणारी एएसटी आणि एएलटी ही दोन विकरं (एन्झाइम) आणि प्लेटलेट या चार गोष्टींवरून फिब-४ हा आकडा काढता येतो. तो १.३ च्या खाली असेल तर मोठा वण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर पुढची तपासणी हवी. पस्तिशीच्या आतल्यांत आणि पासष्टीच्या पुढे तो नीट चालत नाही, कारण सूत्रात वयाला फार वजन आहे.

सिरोसिसच्या पायरीवर मात्र लढाई अजून कठीण आहे. वर सांगितलेली दोन्ही औषधं मान्य झाली आहेत ती दुसऱ्या-तिसऱ्या पायरीसाठी. इफ्रुक्सिफर्मिन या प्रायोगिक औषधाची चाचणी सिरोसिसच्याच रुग्णांवर झाली आणि २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ३६ आठवड्यांनंतर ठोस फरक सिद्ध झाला नाही, ९६ आठवड्यांनंतरच्या बायॉप्सीत मात्र आशादायक चित्र दिसलं. कदाचित इतका जुना वण उलगडायला वेळच तेवढा लागत असेल. रेस्मेटिरोमलाही मान्यता मिळाली ती बायॉप्सीतल्या सुधारणेवर. माणसं जास्त जगतात का, प्रत्यारोपणाची वेळ टळते का, याचं उत्तर मिळावं म्हणून त्याच चाचणीतल्या रुग्णांवर एकूण ५४ महिने लक्ष ठेवायचं ठरलेलं आहे.