जलाशयांचे बहुउद्देशीय व्यवस्थापन (गोवा)

धरणात किंवा तळ्यात पिण्यासाठी व शेतीसाठी पाणी साठवताना त्याच पाण्यावर जगणारे पशुपक्षी आणि काठावर विरंगुळ्याला येणारी माणसे यांचाही विचार करून पाण्याची पातळी व काठाचा वापर ठरवण्याची पद्धत. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने साठ्यावर काढायचे असतात. त्यामुळे पाणी किती आहे याच्याइतकेच ते कधी चढते आणि कधी उतरते याला इथे महत्त्व आहे.

जुन्या तळ्यांमध्ये हे वेळापत्रक शेतीच्या अंगाने आपोआप बसले होते. पावसाळा सरला की मानस, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याचे दार, बंद करायचे आणि साठलेले पाणी हळूहळू खालच्या वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भातशेतीला सोडायचे. तळे उथळ, काठ उतरता; पाणी जसजसे मागे सरते तसतशी चिखलाची नवी पट्टी उघडी पडते आणि तिथे पाणपक्ष्यांना खाद्य मिळत राहते. करमळीचे तळे आणि कुडचडे येथील नंदा तळे ही याची ठळक उदाहरणे. नंदा तळे ४२ हेक्टरांचे. त्याला २०२२ मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून दर्जा मिळाला. त्याचे पाणी खालच्या भातशेतीला जाते, तिथे मासेमारी होते आणि लोक फिरायलाही येतात. तरंगत्या पानांवर लांब बोटे पसरून चालणारा कमळपक्षी, अडई बदकांचे थवे, पांढरा शराटी, छोटा पाणकावळा हे सगळे त्याच पाण्यावर. शेती आणि पाखरे यांना तिथे वेगळे काढताच येत नाही.

मोठ्या धरणांचे गणित निराळे. सांगे तालुक्यातील साळावली धरण हा दक्षिण गोव्याच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार. त्याची साठवण सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर. त्याचा बदकाच्या चोचीसारखा सांडवा बिनदारांचा आहे. जलाशय भरला की पाणी आपसूक कोसळू लागते आणि ते बघायला पावसाळ्यात गर्दी लोटते. या दिवसांत पर्यटन आणि साठा यांचा संघर्ष फारसा नसतो, कारण गर्दी बांधापाशी आणि खालच्या वनस्पती उद्यानात असते.

खरी ओढाताण उन्हाळ्यात होते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी ओसरते आणि जलाशयाखाली गेलेला कुर्डी गाव वर येतो. धरणासाठी उठवलेल्या इथल्या लोकांचे पुनर्वसन वाडे आणि वालकिणी येथे झाले. कदंबकालीन महादेव मंदिर दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. मे महिन्यात मूळ गावकरी सोमेश्वराच्या उत्सवासाठी परततात. या येण्याला निव्वळ पर्यटन म्हणणे अन्यायाचे होईल. धरणाच्या व्यवस्थापनात त्याला हक्काची जागा हवी. त्यांच्या मागोमाग येणाऱ्या हौशी गर्दीचे मात्र तसे नाही. वाहने थेट कोरड्या तळावर उतरतात. नेमक्या याच आठवड्यांत टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध, मातकट ठिपक्यांची अंडी घालते. दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत, मग चाकाखाली काय दिसणार? ओलसर पट्ट्यावर उगवलेल्या कोवळ्या गवतावर गुरे चरतात, आणि रानालगतच्या काठाला गोव्याचा राज्यप्राणी असलेल्या गव्यालाही हे गवत व पाणी मोलाचे. मार्ग अगदी साधा आहे: वाहने जुन्या रस्त्याच्या तोंडाशी थांबवावीत, पायवाट आखून द्यावी, अंधार पडण्याआधी तळ मोकळा करावा. उत्सवाला याने काही बाधा येत नाही.

लहान तळ्यांना धोका वेगळ्याच बाजूने येतो. गाळ उपसताना सगळा तळ एकाच खोलीचा केला की साठा वाढतो, पण चिखलात चोच खुपसणाऱ्या पाखरांचा उथळ भाग नाहीसा होतो. सुशोभीकरणात काठाला उभी भिंत घातली की पाणी आणि जमीन यांच्यामधली झाडोऱ्याची पट्टीच संपते. मये येथील तळ्यावर बोटी आणि पर्यटक निवास आहेत. असा वापर एखाद्या तळ्यापुरता ठीक. सगळ्याच तळ्यांना तोच साचा लावणे चुकीचे आहे. प्रत्येक तळ्याची निदान एक बाजू उतरती, दिव्यांविना आणि माणसांविना ठेवलीच पाहिजे.

कायद्यातही फट आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळलेले आहेत. साळावलीच्या परिसरात १९९९ साली घोषित झालेले सुमारे २११ चौ. किमी.चे नेत्रावळी अभयारण्य आहे, आणि अंजुणे धरणालगत म्हादई अभयारण्य. त्यांच्या हद्दीत येणाऱ्या काठापुरते वन्यजीव संरक्षण कायद्याचे बळ मिळते. आमठाणे, पंचवाडी यांसारख्या अभयारण्याबाहेरच्या छोट्या धरणांना तेवढेही नाही.