मिल्ट्रीतल्या पोराला घरून जायची ती पत्रं : थोडी पार्श्वभूमी

जवानांनी आघाडीवरून घरी धाडलेली पत्रं बऱ्याच घरांत जपून ठेवलेली दिसतात, पण घरून त्यांना गेलेली, म्हणजे मायनी, बहिणीनी, गावातल्या दोस्तांनी लिहिलेली पत्रं जवळपास गेलीच. बदल्या सारख्या, सामान ठेवायला एक ट्रंक, त्यात किती कागद टिकणार. मला विचाराल तर तीच जास्त मोलाची, कारण युद्धाच्या दिवसांत आपलं खानदेशातलं गाव कसं जगत होतं ते त्यातच होतं.

सुरुवात बरीच जुनी आहे. पोस्टकार्ड १८७९ ला आलं, पाव आण्याला, म्हणजे गरीब घरालाही परवडेल असं. पण लिहिणार कोण? १९११ च्या जनगणनेत देशात शंभरातल्या साधारण सहाच माणसांना लिहिता वाचता येत होतं. मग माय ओट्यावर बसून अहिराणीत सांगायची आणि शाळेचे मास्तर नाहीतर पोस्टमन ते पुस्तकी मराठीत उतरवायचे, ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम’ असं. तिकडे पलटणीतला कुणी शिकलेला ते वाचून दाखवायचा. म्हणजे मायलेकांच्या बोलण्यात दोन परकी माणसं कायम बसलेली, त्यामुळे मनातलं बरंच काही लिहिलंच गेलं नसणार हे मला फार लागतं.

पहिल्या महायुद्धात तर तिसरा माणूस आला, सेन्सॉर. १९१४ ला हिंदी, म्हणजे भारतीय, फौज फ्रान्सला गेली तेव्हा इंग्रजांनी हिंदी टपाल तपासायला वेगळं ऑफिस उघडलं, जाणारी-येणारी दोन्ही पत्रं वाचून त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवले. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मूळ पत्रं बहुतेक गेली. मराठा पलटणी मात्र मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, आणि तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, आत अन्नच पोचत नव्हतं तिथे घरचं टपाल कुठलं पोचायला.

स्वातंत्र्यानंतर १९५० ला इनलँड लेटर आलं. पत्ता कसा तर नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. गावाचं नाव नाही, गुप्ततेसाठी. ५६ चं टपाल दिल्लीहून सुटायचं, ९९ चं कलकत्त्याहून. म्हणजे ६२, ६५, ७१ मध्ये अमळनेर-शिरपूरकडच्या माणसाला पोरगा नेमका कुठे आहे हे पत्त्यावरून कळायचंच नाही.

आणि त्यात लिहायचे तरी काय! पाऊस पडला का, कापसाला भाव काय, दादर ज्वारी कशी आली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, कानबाई देवी बसवली तेव्हा तुझी आठवण निघाली. बापाचं आजारपण, कर्ज हे लपवायचे, पोराचा जीव तिकडे अडकू नये म्हणून. मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला असायचा, ते हातात घेताच समजायचं, आणि घरी तार आली की आधी रडारडच.

१९९९ च्या कारगिलपर्यंत एसटीडी बूथ आले होते तरी पत्रं चालूच होती, मग मोबाईलनी ती संपवली.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, राजवाडे गावोगाव फिरून जुनी पत्रं गोळा करायचे. त्यांनी छापलेल्या जुन्या पत्रांच्या १८९८ च्या पहिल्या खंडात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत, ती सरदार-कारकुनांची. साध्या शिपायाच्या मायचं पत्र तेव्हाही कुणी राखलं नाही. ७१ ला विशीत असलेले आता पंचाहत्तरीला आलेत, म्हणून कुणाच्या घरी अशी ट्रंक असेल तर पत्रांचे फोटो आजच काढून ठेवा, आणि नुसता मजकूर नको, पत्त्याची बाजू आणि शिक्केसुद्धा घ्या, कारण फील्ड पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे फौजेबरोबर असणाऱ्या पोस्टाच्या, शिक्क्यातल्या नंबरावरून युनिट तेव्हा कुठे होतं ते शोधता येतं.